मुळेचा डोह आणि माउलींची सांगड

वारी संपवून आपण घरी आलात, तुळशीची माळ खुंटीवर गेली, पायांचे फोड वाळले. आता थोडा निवांत वेळ आहे, म्हणून एक साधा प्रश्न विचारतो. चंद्रभागेत उतरून आपण जी ओंजळ भरली, ते पाणी आले कुठून?

भीमाशंकरचे पाणी त्यात आहेच, कारण चंद्रभागा म्हणजे पंढरीला चंद्रकोरीसारखी वळलेली आपली भीमाच. पण वाटेत तिला किती जणी येऊन मिळतात! तुळापूरला देहू-आळंदीची इंद्रायणी मिळते. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा येते. नरसिंहपूरला नीरा येते, जिच्या पाण्यात माउलींच्या पादुकांना नीरा गावी आणि तुकोबांच्या पादुकांना सराटीला स्नान घालतात. म्हणजे दिंड्या जशा वाटेवर एकमेकींत मिसळत पंढरीला जातात, तसे हे पाणीही जाते. या दिंडीतली एक धाकटी, अबोल वारकरीण म्हणजे मुळा. तिच्याविषयी, आणि तिच्यात उतरणाऱ्या माणसाविषयी आज थोडे बोलायचे आहे.

मुळा उगम पावते मुळशी तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी धारेवर. ताम्हिणीकडचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना तो काय असतो हे सांगायला नको. मुठाही याच तालुक्यातली. तिच्यावर लवार्ड्याजवळ टेमघरचे धरण आहे. दोघी बहिणी एका घरात जन्मल्या, वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरल्या आणि पुण्यात संगमावर पुन्हा भेटल्या. त्याआधी दापोडीला मुळेला पवना मिळालेली असते. वाचताना किती सरळ वाटते! पण मुळेच्या माथ्यावरचे बरेचसे पाणी पंढरीला जातच नाही. शंभर वर्षांपूर्वी त्याची वाट बदलली, आणि ती बदलू नये म्हणून माणसांनी अंग टाकले.

तो इतिहास आपल्यापैकी अनेकांना मुळशी सत्याग्रह या नावाने ठाऊक असेल. टाटा कंपनीला मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि शहरासाठी वीज हवी होती. नीला आणि मुळा या नद्या जिथे एकत्र येतात तिथे भिंत घालायची, पाणी अडवायचे, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला न्यायचे आणि दीड हजार फुटांहून अधिक खाली, कोकणात भिरा येथे टर्बाइनवर सोडायचे, अशी ती योजना. यात सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जाणार होती. ही गावे आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळ्यांची. भाताची खाचरे पिढ्यान्‌पिढ्या बांधबंदिस्ती करून तयार केलेली. त्यातली पुष्कळ जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. म्हणून मोबदल्याचे बोलणे सुरू झाले तेव्हा कसणारा एकीकडे राहिला आणि पैसा दुसरीकडे निघाला. ही गोष्ट सांगताना कंपनीला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. पण पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांनाही त्यात वाटा होता, हे विसरू नये.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी मावळे बायकापोरांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, लोक पुन्हा बसले, तुरुंगात गेले. विनायकराव भुस्कुटे यांनी हा लढा आतून पाहिला आणि पुढे लिहून ठेवला. नेतृत्वात पुढे आले पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. सेनापती हे बिरूद त्यांना या लढ्यानेच दिले. पांडुरंग नावाचा माणूस पांडुरंगाच्या नदीचे पाणी अडवू नका म्हणून उभा राहिला, ही माझी हौसेची जुळवाजुळव झाली. त्यांच्या मनात मावळ्यांची शेते होती. लढा विस्कटत चालला तेव्हा १९२४ च्या अखेरीस बापटांनी रेल्वेच्या रुळावर हत्यार हाती घेतले आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. राजेंद्र व्होरा यांनी पुढे या लढ्याचा अभ्यास करून त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले. भिंत मात्र पूर्ण झाली. १९२७ मध्ये भिरा येथे वीज निघू लागली.

तेव्हापासून मुळशी तलावाचे पाणी वीज करून कोकणात उतरते आणि कुंडलिकेला मिळते. कोलाडला हल्ली तरुण मंडळी रबरी तराफ्यांतून उसळत्या पाण्यात जातात, ते पाणी वरून सोडलेले असते. भिऱ्याहून पाणी आले की नदी भरते, बंद झाले की उतरते. आकाशात ढग नसतानाही नदी चढते, हा नव्या काळाचा नियम कोलाडची मुले रोज पाहतात. मुळेच्या काठी राहणाऱ्यांनीही तो ध्यानात ठेवायचा आहे. तलाव भरला की जादा पाणी जुन्या पात्रातच सोडावे लागते, आणि ते पौडकडे, घोटवड्याकडे निघते.

आता मुळेच्या डोहाकडे वळू. धरणाखालची मुळा आठ महिने अगदी सोज्ज्वळ दिसते. पौडच्या अलीकडे-पलीकडे करंज आणि उंबरांच्या सावलीत पाणी थांबलेले असते. काठावर म्हशी, एखादी धुणे धुणारी बाई, वर खंड्या. मे महिन्यात अशा पाण्याकडे पाहून ज्याचे अंग सळसळत नाही, तो खेड्यातला नव्हे. मीही अशाच एका डोहात पोहायला शिकलो. आमच्या चुलत आजोबांनी शिकवले. ते दरसाल पायी वारी करणारे, आणि पोहणे शिकवण्याची त्यांची रीतही वारीसारखीच, नेमाची होती. दोन वाळके कडू भोपळे सुंभात गुंफून पोराच्या काखेत बांधायचे. त्यालाच सांगड म्हणत. काही घरांत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ठोकळा असे, पुढे पत्र्याचा बंद डबा आला. पण भोपळ्याचा मान वेगळा! कीर्तनाला वीणा होणारा भोपळा तो हाच.

आजोबा पोराला लगेच पाण्यात सोडत नसत. आधी काठावर उभे करून विचारत, “कुठून येतं, कुठं जातं?” म्हणजे पाणी. वाळके पान टाकायचे आणि ते कुठे जाते हे पाहायचे. पान सरळ गेले तर धार, गोल फिरू लागले तर भोवरा, जागीच राहिले तर डोह. मग पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची आणि पाणी लागते तिथे चाकूने खूण करायची. पोहताना दर थोड्या वेळाने काठीकडे पाहायचे. खूण बुडाली की काही न विचारता बाहेर. “वर काय झालंय ते आपल्याला कळत नाय, काठीला कळतं,” असे ते म्हणत. मग आपण स्वतः आधी उतरत, पायाने तळ चाचपत. मागच्या वर्षीचा तळ यंदा तोच असेल असे ते धरून चालत नसत. पुराने ओंडका आणून कपारीत अडकवला असेल, कुणी जाळे लावून ठेवले असेल. सूर मारायला आम्हांला सक्त मनाई होती. पहिल्या दिवशी, दहाव्या दिवशी, कधीच नाही. त्यांच्या लहानपणी एकाने ओळखीच्या डोहात सूर मारला होता आणि तो जन्मभर खाटेवर राहिला.

हे सगळे त्यांना कुणी पुस्तकातून सांगितले नव्हते. पण पुस्तकात ते आहे, आणि आपल्याच पुस्तकात आहे. ज्ञानेश्वरीचा सातवा अध्याय काढा. माया तरून जाण्यास अवघड आहे असे भगवंत म्हणतात, तिथे माउलींनी मायेची एक भली मोठी नदी उभी केली आहे. पारायणात आपण तो भाग भराभर वाचून जातो. एकदा पोहणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचून पाहा. त्या नदीला डोंगरातला उगम आहे, पूर आहे, भोवरे आहेत, डोह आहेत, मासे आहेत. आणि तिच्यात उतरणारे नाना तऱ्हेचे लोक आहेत. एक जण आपल्याच बुद्धीच्या बाहूंवर विसंबून उतरतो, आणि जाणतेपणाच्या डोहात गर्व त्याला गिळून टाकतो. दुसऱ्याने वेदांची सांगड बांधली आहे, पण सोबत अहंकाराचा धोंडाही घेतला आहे. कुणी तारुण्याच्या जोरावर उतरतो आणि भलत्याचीच कास धरतो. सांगड, कास, डोह, थडी! हे शब्द ज्याने नदीकाठी दिवस काढले त्याच्या तोंडी येतात. अलंकापुरीच्या इंद्रायणीकाठी वाढलेल्या त्या मुलाने पाणी नीट पाहिले होते, याबद्दल मला तरी शंका नाही.

शास्त्रीबुवा म्हणतील, हे रूपक आहे, याचा अर्थ परमार्थात घ्यायचा. घ्यावाच. पण रूपकाला जोर येतो तो खऱ्या नदीतूनच. कुठली माणसे बुडतात याची जी यादी माउलींनी दिली, ती आजच्या पोलीस पंचनाम्यांशी ताडून पाहिली तर फार फरक पडणार नाही. बुद्धीवर विसंबलेला, वयाच्या जोरावर गेलेला, चुकीच्या सोबत्याच्या नादी लागलेला. आणि त्या प्रकरणात तरलेलेही आहेत. जे सर्वभावे शरण गेले त्यांना ऐलथडीलाच पाणी सरले, असे माउली म्हणतात. या काठावरच! पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी.

इथे दूर देशातला एक दाखला आठवतो. इंग्लंडचा कॅप्टन मॅथ्यू वेब याने १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. सगळ्या जगात त्याचे नाव झाले. आठ वर्षांनी, १८८३ च्या जुलैत, तो नायगाऱ्याच्या धबधब्याखालच्या खळाळातून पोहून दाखवायला उतरला. लोकांनी नको म्हटले. भोवऱ्याने त्याला घेतले, आणि काही दिवसांनी त्याचा देह खाली मिळाला. समुद्र जिंकलेला माणूस नदीने नेला. समुद्राचे पाणी आणि नदीचे पाणी यांचे स्वभाव वेगळे असतात. समुद्रात थकलेला माणूस काही वेळ तरंगत राहू शकतो. नदी त्याला उभे राहू देत नाही, एका अडथळ्याकडून दुसऱ्याकडे नेत राहते.

आणि आपल्या पुण्याचे रोहन मोरे पाहा. जगातल्या सात अवघड खाड्या पोहून जाण्याचा ‘ओशन्स सेव्हन’ हा विक्रम त्यांनी २०१८ मध्ये पुरा केला. अशा प्रत्येक पोहण्यात शेजारून एक नाव चालत असते. नावेत पाहणारे असतात, हवामान सांगणारे असतात, आणि त्यांनी बस म्हटले की पोहणाऱ्याला बाहेर यावे लागते. इतक्या कसलेल्या पोहणाऱ्यालाही सोबत लागते. मग रविवारी दुपारी मोटारसायकलीवरून आलेल्या चौघांना ती नको का?

रविवारचे नाव निघाले म्हणून सांगतो. ३० जून २०२४ चा दिवस आठवा. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यात मुले होती. ती पोहायलाही गेली नव्हती; पाण्यात उभी होती. वर पाऊस वाढला, पाणी चढले, मागे फिरायची वाट बंद झाली, आणि ती एकमेकांना धरून उभी असतानाच धारेने पाय सोडवले. आपल्यापैकी पुष्कळांनी ते चित्र मोबाईलवर पाहिले असेल. मी एकदा पाहिले आणि पुन्हा पाहू शकलो नाही. त्याच सुमारास आपल्या ताम्हिणी घाटात एका तरुणाने कुंडात उडी घेतली. बाहेर येण्यासाठी काठाला हात लावला तोवर धारेने त्याला ओढले. त्याचा देह खाली कोकणात सापडला. तो अंगापिंडाने कमकुवत नव्हता. अशा कुंडाचे काठ शेवाळाने गुळगुळीत झालेले असतात. आत उतरणे क्षणाचे काम; वर येणे शक्तीवर अवलंबून नसते, खडकावर असते.

जुन्या नदीच्या खुणा नव्या नदीला लागू पडत नाहीत, ही माझी खरी काळजी आहे. आजोबांच्या मुळेत पूर यायचा तो पावसाने यायचा, आणि तो येताना गढूळ पाणी, काटक्या, फेस असा निरोप पुढे पाठवायचा. आज दरवाजे उघडून सोडलेले पाणी तितका निरोप देईलच असे नाही. पात्रात ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांत बर्गे टाकतात, पावसाळ्यापूर्वी काढतात. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या पायथ्याशी ते उलटे फिरते. दिसायला हातभर उंचीचा धबधबा, पण खाली सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढला जातो. चांगले पोहणारेही तिथे गेले आहेत. बर्गे काढलेल्या मोऱ्यांची ओढ तशीच, उलट्या बाजूने. म्हणून बंधाऱ्याच्या वरही नको आणि खालीही नको. शिवाय काठाकाठाने शेतीपंपांच्या मोटारी आहेत, त्यांच्या वायरी पाण्यात लोंबतात. मोटार चालू असेल त्या घाटाला अंघोळ नको. भीमेच्या पात्रात वाळू उपसून केलेले खड्डे तर पंढरीच्या वाटेवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. गुडघाभर पाण्यात चालता चालता माणूस पुरुषभर खोल जातो. आणि वाकडच्या पुढे शहराचे सांडपाणी मिसळलेल्या मुळेत पोहायला मी माझ्या वैऱ्यालाही सांगणार नाही.

मग पोहूच नये का? असे मी म्हणत नाही. ज्या पिढीने नदीकडे पाठ फिरवली, तिने नदी घाण केली, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याचे अंग नदीत भिजते त्यालाच तिच्या पाण्याची चाड राहते. पोहायला शिका, मुलींनाही शिकवा. आमच्या गावात मुलींना सांगड मिळत नसे, कपडे धुवायला मात्र त्यांनाच नदीवर पाठवत, आणि पाय घसरला की त्याच जात. हा जुना अन्याय आहे आणि तो अजून पुरता संपलेला नाही. शिकताना आधी विहिरीत किंवा तलावात, माहीतगाराच्या हाताखाली शिका. नदीत उतरायचे ते पाऊस सरल्यावर, गावातल्या माणसाला विचारून. तो नको म्हणाला तर नको. अंगाला तरंगजाकीट असेल तर उत्तम, लाज कसली? आजोबांचा भोपळा ते हेच. एकट्याने नाही, पिऊन नाही, अंधारात नाही. काठावर एक माणूस कोरडा राहील, आणि त्याच्या हातात दोर असेल.

धारेत सापडलात तर धारेशी भांडू नका. उताणे व्हा, पाय पुढे, म्हणजे खालच्या दिशेला, तोंड वर. श्वास सावरू द्या. मग सरळ काठाकडे न जाता तिरपे, पाणी नेईल तिकडे थोडे जाऊ देत काठ गाठा. कंबरभर ओढीच्या पाण्यात उभे राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडाच्या फटीत अडकला की वरचे पाणी पाठीवर बसते.

आणि दुसरा कुणी बुडत असेल तर? सिनेमात बुडणारा हात हलवतो, हाका मारतो. खरा बुडणारा बहुतेक वेळा गप्प असतो. त्याचे तोंड पाण्याला लागलेले, मान मागे, डोळे कुठेच न पाहणारे; श्वासच पुरत नाही तिथे हाक कुठली? त्याला वाचवायला उडी टाकणारा दुसरा, मग तिसरा, असे एकापाठोपाठ सख्खे भाऊ गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बुडणारा जो हाताला लागेल त्याच्यावर चढतो, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून आधी काठावरूनच काहीतरी द्या. वारकऱ्याच्या डोक्यावर तर देवाने दोरच बांधून दिला आहे! फेटा सोडा, एक टोक घट्ट धरा, आडवे पडा आणि दुसरे टोक फेका. लुगडे चालते, झेंड्याची काठी चालते. पाण्याचा वीस लिटरचा रिकामा कॅन झाकण लावून फेकलात तर त्यावर एक माणूस सहज तरतो. दिंडीच्या प्रत्येक ट्रकमध्ये तो असतोच. दरम्यान दुसऱ्याने ११२ ला फोन लावावा, रुग्णवाहिकेला १०८.

बाहेर काढलेल्याचे काय करायचे, याचाही एक इतिहास आहे. आपल्याकडे पूर्वी बुडालेल्याला पालथे घालून पोट दाबत, उलटे टांगत, कुठे कुंभाराच्या चाकावर ठेवून फिरवत. पाणी काढायचे या एकाच कल्पनेने. युरोपातही असेच अघोरी उपाय होते. १७६७ मध्ये आम्स्टरडॅमच्या लोकांनी कालव्यांत बुडणाऱ्यांसाठी एक मंडळ काढले, आणि १७७४ मध्ये लंडनला तसेच निघाले. बुडालेला म्हणजे मेलेला, हा समज त्यांनी पहिल्यांदा मोडला. तोंडाने फुंकून श्वास द्यावा ही गोष्टही तेव्हा त्यांना सुचली होती; मग ती मागे पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर डॉक्टरांनी पुन्हा सिद्ध केली. आजचे सांगणे असे: पोट दाबू नका, त्यात वेळ जातो आणि पोटातले छातीत उतरते. उताणे ठेवा, हनुवटी वर करा, श्वास चालत नसेल तर नाक दाबून तोंडाने आधी काही श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर तीस वेळा जोराने दाबा, पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. कुठल्याही डॉक्टरकडे तासाभरात हे हाताने करून शिकता येते. आपल्या दिंडीत पखवाज वाजवणारे दहा असतात. हे येणारे दोघे तरी असावेत. मृदंगाचा हात बसलेल्याला तीसचा ठेका तर लवकर साधेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला. जुलै म्हणजे पुष्कळदा आपली आषाढी, आणि मुळशीत संततधार. पालखी आळंदीहून निघते तेव्हा ताम्हिणीच्या माथ्यावर पाऊस लागलेला असतो. आपण चालत असतो, आणि वरचे पाणीही आपल्याच मागून चालत असते. उजनीत ते विसावते, आणि वारीच्या वेळी तिथून पात्रात पाणी सोडले जाते. वीर धरणातून नीरेला सोडलेले पाणीही नरसिंहपूरला येऊन मिळते.

पुंडलिकाच्या देवळाभोवती कधी गुडघाभर, कधी कळसापर्यंत, हे पाणी दर आषाढीला वेगळे असते. होडीवाल्या कोळ्याला ते विचारावे. तो सकाळपासून पाहतो आहे. आमचे आजोबा शेवटच्या वारीपर्यंत चंद्रभागेत उतरण्याआधी वाळवंटात बसून राहत. आम्ही पोरे घाई करायचो. ते झोळीतून तुळशीची एक वाळकी काडी काढत, पाण्याच्या कडेला रेतीत रोवत, आणि हरिपाठाचे दोन-चार अभंग म्हणून होईतो तिच्याकडे पाहत. मग लोटा घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात बसत आणि डोक्यावर तीन लोटे घेत. मुळेच्या डोहात ज्याने पंचक्रोशीतली पोरे पोहायला शिकवली, तो माणूस पंढरीत कधी गुडघ्यापुढे गेला नाही. मी एकदा विचारले तर काडीकडे बोट दाखवून म्हणाले, “बघ, बोटभर चढलंय.” आणि धोतराचा सोगा पिळत वर आले.